हीथ्रोच्या बाकावर दोन तास बसण्यासाठी

प्रति,
मा. गृहमंत्री, युनायटेड किंगडम,
२ मार्शम स्ट्रीट, लंडन.

प्रत माहितीसाठी: ब्रिटिश उपउच्चायुक्तालय, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय: विमान बदलण्यापुरतं हीथ्रोवर थांबणाऱ्या भारतीयांना लागणारा ट्रान्झिट व्हिसा.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय आणि त्याबद्दल क्षमा मागत नाही. तुमचे नियम आम्ही वर्षानुवर्षं इंग्रजीत वाचत आलोय, आणि तेही असे की एका वाक्यात तीन ‘जर’ आणि दोन ‘वगळता’. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तुमच्या कचेरीत मराठी वाचणारं कुणी ना कुणी असेलच. त्यांच्याकडून समजून घ्यावं.

सांगलीत विश्रामबागला माझं विमान तिकिटांचं दुकान आहे. दुकानच म्हणते, कारण एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला बेकरी आणि मधे मी. बावीस वर्षं झाली. हल्ली तिकीट सगळे आपापल्या मोबाइलवर काढतात. माझ्याकडे येतात ते दोन प्रकारचे लोक. एक, ज्यांना मोबाइलवर काढायची भीती वाटते ते. दुसरे, ज्यांनी मोबाइलवर काढलं आणि फसले ते. दुसऱ्या प्रकारातले निम्मे तरी तुमच्या देशात न जाताच तुमच्या नियमात अडकलेले असतात.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय. कुठल्या विमानतळावरून नुसतं पुढे जायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर काय लागतं, त्याची यादी. दुबई, दोहा, अबूधाबी या नावांपुढे ‘काही नाही’ असं लिहिलंय: एकच तिकीट असेल, सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाणार असेल, तर तिथे बसा, चहा प्या, पुढचं विमान पकडा. अमेरिकेपुढे ‘पूर्ण व्हिसा’, कारण तिथे इमिग्रेशनच्या अलीकडे बसायला जागाच ठेवलेली नाही; मेक्सिकोला जाणारा माणूसही आधी अमेरिकेत ‘शिरतो’ आणि मग निघतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी व्हिसाशिवाय पुढे जाण्याची सोय बंद केली, ती बंदच आहे. आणि लंडनपुढे लिहिलंय: ‘आधी मला विचारा’.

ती ओळ मी का लिहिली ते सांगते. चूक माझी होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक शिक्षक जोडपं आलं होतं. निवृत्तीनंतरची पहिली परदेशवारी, पोर्तुगालला. कागद सगळे नीट, युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा शेंगेन व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला. लंडनवरून जाणारं तिकीट माणशी सात-आठ हजारांनी स्वस्त होतं, ते मी काढून दिलं. हीथ्रोवर थांबायचं होतं अडीच तास. बाहेर पडायचं नाही, सामान उचलायचं नाही, एकच पीएनआर. मला वाटलं, यात व्हिसा कसला? दिवसभर प्रवास करून दोघं मुंबईला सहार विमानतळावर पोचली, रांगेत उभी राहिली, आणि काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळून विचारलं, “युकेचा ट्रान्झिट व्हिसा कुठाय?” पहाटे दोन वाजता मला फोन आला. गुरुजी चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. “ताई, आम्हाला लंडनला जायचंच नाहीये, हे यांना तुम्ही सांगाल का?” एवढंच म्हणाले.

मी सांगितलं. उपयोग झाला नाही. दोन नवी तिकिटं माझ्या खिशातून काढली आणि दुसऱ्या दिवशी दोघं आखातातून गेली.

त्यानंतर तुमचा नियम मी अक्षर न् अक्षर वाचला. त्यात लिहिलंय की अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांचा चालू व्हिसा पासपोर्टात असेल, तर हीथ्रोवर इमिग्रेशनच्या अलीकडे बसायला वेगळा व्हिसा लागत नाही. मग पुढे कुठेही जात असा. युरोपातला दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असेल तरीही चालतं. पण युरोपचा साधा पर्यटक व्हिसा चालत नाही. म्हणजे लिस्बनला निघालेल्या माणसाच्या पासपोर्टात अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असेल तर तो तुमच्या बाकावर बसू शकतो, आणि नुसता लिस्बनचाच व्हिसा असेल तर बसू शकत नाही. हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगते तेव्हा ते माझ्याकडे असं बघतात, जणू नियम मीच केलाय.

हा व्हिसा काढायचा तर काय करावं लागतं, तेही सांगते, कारण मार्शम स्ट्रीटवरून ते दिसत नसेल. फी फार नाही, चाळीस पौंडांच्या आसपास. पण अर्ज भरायचा, तारीख घ्यायची, बोटांचे ठसे द्यायला सांगलीहून पुण्याला जायचं. येण्या-जाण्यात अख्खा दिवस जातो. मग निकालाची वाट बघायची. तुम्ही स्वतःच तीन आठवडे धरून चाला म्हणता. यात एखादा म्हातारा माणूस असेल तर सोबत मुलगा रजा काढून जातो. हे सगळं हीथ्रोवर अडीच तास बसून महागडं सँडविच न खाण्यासाठी. इतकं करण्यापेक्षा लोक दोह्याचं तिकीट काढतात, आणि मीही तेच सांगते.

काउंटरवरच्या त्या मुलीला मी दोष देत नाही. तुमच्या कायद्यानं कागद अपुरे असलेला एक प्रवासी आणला की विमान कंपनीला दोन हजार पौंड दंड आहे. १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केलीत तेव्हा तो एक हजार होता. दंडाच्या धाकाने तिच्यासमोरच्या पडद्यावर टायमॅटिक, म्हणजे देशोदेशीचे व्हिसाचे नियम सांगणारा प्रोग्राम, उघडलेला असतो. पासपोर्ट कुठला, जाणार कुठे, थांबणार कुठे हे भरलं की तो सांगतो हो किंवा नाही. शंका आली की उत्तर नाही. प्रवासी चिडला तर कंपनीचं फार तर एक गिऱ्हाईक जातं, तुम्ही चिडलात तर दोन हजार पौंड. तेव्हा तुमची सरहद्द हीथ्रोला नाहीच. ती सहारला, पहाटे दोन वाजता, एका पंचविशीतल्या मुलीच्या हातात आहे, आणि तिच्या निर्णयावर अपील करायची सोय नाही, कारण कागदोपत्री निर्णय तिने घेतलेलाच नसतो.

आता दुसरी गोष्ट, कारण पहिली ऐकून तुम्ही म्हणाल की एजंटाने नीट वाचायला हवं होतं. बरोबर आहे.

आमच्या गल्लीतला एक मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. अशा मुलांच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का बऱ्याचदा संपलेला असतो, पण अमेरिकेनं मुदत वाढवल्याचा कागद, आय-७९७, त्यांच्याकडे असतो. त्या कागदावर ती तिथे कायदेशीर राहतात, काम करतात, कर भरतात. फक्त भारतात आली की परत जाताना नवा शिक्का घ्यावा लागतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना मिरजेला अतिदक्षता विभागात ठेवलं. त्याने सगळ्यात लवकर पोचवणारं विमान बघितलं, ते लंडनवरून होतं, तिकीट काढलं आणि नेवार्कच्या विमानतळावर धावला. काउंटरवर सांगितलं, अमेरिकेचा व्हिसा चालू नाही, हीथ्रोवर बसता येणार नाही.

वडील वाचले, म्हणून ही गोष्ट मी हसून सांगू शकते. ते आता रोज संध्याकाळी आमराईत फिरायला जातात. पण त्या दिवशी मुलाने नेवार्कवरून मला फोन केला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी इकडून शोधून आखातातून जागा मिळवली. तो दुसऱ्या दिवशी निघाला.

यातली एक गोष्ट मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. हा मुलगा कुठे चालला होता? मुंबईला. पासपोर्ट कुठला? भारताचा. स्वतःच्या देशात परत जायला कुणाला व्हिसा लागत नाही. पुढचा देश याला आत घेईल की नाही, ही शंकाच यात उरत नाही. घरी निघालेल्या माणसाकडून वाटेतल्या घराने ओसरीवर टेकायची परवानगी आधी तीन आठवडे मागायची, हे आमच्याकडे तरी कुणी करत नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. ट्रान्झिट व्हिसा ही चीज कशातून आली ते मी वाचलंय. १९८७ च्या सुमारास श्रीलंकेतून जीव वाचवून निघालेले तमिळ लोक युरोपच्या विमानतळांवर उतरून आश्रय मागू लागले. एकदा माणूस उतरला आणि आश्रय मागितला की त्याला परत पाठवणं अवघड, म्हणून त्याला विमानातच चढू द्यायचं नाही, हा विचार. आमची माणसंही यात नाहीत असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईजवळच्या फुजैराहून निकाराग्वाला निघालेलं एक विमान इंधन भरायला फ्रान्समध्ये व्हात्री इथे उतरलं, आणि मानवी तस्करीच्या संशयावरून अडवलं गेलं. आत ३०३ प्रवासी होते, बहुतेक भारतीय. त्यातले २७६ चार-पाच दिवसांनी मुंबईलाच परत आणले. पंचवीस जणांनी फ्रान्समध्ये आश्रय मागितला. सहारला २६ डिसेंबरच्या पहाटे ते विमान उतरलं तेव्हा टीव्हीवर तोंडं लपवून बाहेर पडणारी पोरं मी बघितली. लाजही वाटली आणि वाईटही वाटलं.

पण ते चार्टर विमान होतं. दलालांनी भरलेलं. त्यात ना माझ्यासारखा एजंट होता, ना पोर्तुगालचा व्हिसा. दलाल नियमाला वळसा घालून दुसरी वाट काढतो, तो त्याचा धंदाच आहे. नियमात अडकतात ते गुरुजी, कारण त्यांना वळसा माहीत नसतो.

आणि एक उलटं उदाहरण आहे. १ डिसेंबर २०२४ ला बहारीनहून मँचेस्टरला निघालेलं विमान बिघाड झाल्यामुळे कुवेतला उतरलं. त्यात मुंबईहून निघालेले बरेच जण होते. ज्यांच्या पासपोर्टावर कुवेतचा व्हिसा तिथल्या तिथे मिळतो, त्यांना हॉटेल मिळालं. जवळपास साठ भारतीयांना ते मिळालं नाही. आखाती देशांची शिखर परिषद होती, हॉटेलंही भरलेली. जवळजवळ वीस तास ती माणसं विमानतळावर बसून राहिली. भारतीय वकिलातीची मंडळी तिथे गेली, दोन लाउंज उघडून घेतली. दुसऱ्या पहाटे विमान नीट झालं, सगळे मँचेस्टरला गेले. एकच विमान, एकच बिघाड, पण पासपोर्ट बघून दोन वेगळ्या रांगा. आणि ज्यांच्यावर भरवसा नव्हता, त्यातलं कुणी कुठे पळालं नाही. पाठीखाली पिशवी घेऊन झोपले, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही स्वतःच हे मान्य केलंय.

ज्यांना तुमच्याकडे यायला व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी तुम्ही ईटीए नावाचा ऑनलाइन परवाना काढलात. नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारपासून सुरुवात, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियाची माणसं त्यात आली. सुरुवातीला नुसतं हीथ्रोवर बसून पुढे जाणाऱ्यालाही तो लागत होता. तेव्हा हीथ्रोनेच ओरड केली: यामुळे आमचे नव्वद हजार प्रवासी गेले, ते आता दुसऱ्या विमानतळावरून जातात. आणि तुम्ही ऐकलंत. १६ जानेवारी २०२५ पासून हीथ्रो आणि मँचेस्टरला इमिग्रेशनच्या अलीकडे बसणाऱ्याला ईटीए लागत नाही. लागत होता तेव्हाही तो दहा पौंडांचा, मोबाइलवर मिळणारा. कुणाला दोनशे-अडीचशे किलोमीटर जाऊन बोटं दाबायची नव्हती. तेवढाही त्रास तुम्हाला जास्त वाटला, आणि योग्यच वाटला.

म्हणजे ‘जो बाहेर पडत नाही तो आलाच नाही’ हे तत्त्व तुम्हाला पटलंय. ते आमच्या दारापर्यंत आलं नाही, इतकंच. ज्या नव्वद हजारांसाठी हीथ्रोने आरडाओरडा केला, त्यांच्यापेक्षा जास्त माणसं आखातातली विमानं भारतातून उचलून युरोप-अमेरिकेला नेतात. त्यातली काही तुमच्या बाकावर बसली असती. सँडविचही घेतलं असतं.

इतरांनी काय केलं तेही बघा. जर्मनी आमच्याकडून विमानतळावरचा ट्रान्झिट व्हिसा मागत आलेली. फ्रँकफर्ट आणि म्युनिक ही नावं माझ्या यादीत लाल पेनाने होती. यंदा, म्हणजे २०२६ च्या संक्रांतीच्या आदल्या दिवसांत, चान्सेलर फ्रेडरिक मर्झ अहमदाबादला आले, साबरमतीकाठी पतंग उडवला, आणि त्याच भेटीत जाहीर झालं की भारतीय पासपोर्टवर जर्मनीतून पुढे जायला ट्रान्झिट व्हिसा लागणार नाही. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले नाहीत, पण बेकरीतून पाव किलो खारी मागवली.

तुमचे पंतप्रधानही आले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मुंबईला, सव्वाशे जणांचं शिष्टमंडळ घेऊन. येतानाच त्यांनी सांगून टाकलं की व्हिसा हा विषय या भेटीत नाही. आमच्या मुलांना नोकरीचे व्हिसा किती द्यायचे हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. त्याआधी २४ जुलैला व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात स्कॉच व्हिस्कीवरचं आमचं आयात शुल्क दीडशे टक्क्यांवरून पंचाहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर येणार आहे. बाटलीची वाट मोकळी झाली, याचा आमच्याकडे काही लोकांना मनापासून आनंद आहे. माझं मागणं बाटलीइतकंही नाही. बाटली निदान देशात शिरते.

जाता जाता क्रिकेटचं सांगते, कारण सांगली हे विजय हजारे यांचं आणि स्मृती मानधनाचं गाव आहे आणि क्रिकेटशिवाय इथे पत्र पुरं होत नाही. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत बार्बाडोसला होती. बार्बाडोसला जायला भारतीयाला व्हिसा लागत नाही. आमच्याकडचे दोन वेडे उपांत्य फेरीआधीच माझ्यासमोर येऊन बसले: काढा तिकीट. मी नकाशा दाखवला. न्यूयॉर्कवरून जावं तर अमेरिकेचा व्हिसा. लंडनवरून जावं तर हीथ्रोला उतरून बऱ्याचदा गॅटविकला जाऊन विमान पकडायचं, म्हणजे रस्त्याने तुमच्या देशात शिरायचं, म्हणजे तुमचा दुसऱ्या प्रकारचा ट्रान्झिट व्हिसा. ज्या घराला कुलूप नाही तिथे जायच्या दोन्ही वाटांवर कुलपं. दोघांनी तो सामना विश्रामबागलाच बघितला. जिंकलो म्हणून वाईट वाटलं नाही. हजारे १९५२ मध्ये भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले तेव्हा आम्हाला तुमच्या देशातच यायला व्हिसा लागत नव्हता. तो १९८६ मध्ये आला. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. बाकावर बसू द्या म्हणते.

आमच्या सरकारनेही हेच धोरण ठेवलंय, हे नोंदवते. लंडनहून निघालेला ब्रिटिश माणूस मुंबईत विमान बदलून पुढे जाणार असेल, चोवीस तासांच्या आत पुढचं विमान असेल आणि तो विमानतळाबाहेर पडणार नसेल, तर त्याला आम्ही व्हिसा विचारत नाही. आणि नागरी विमान वाहतुकीच्या जागतिक संघटनेच्या नियमांतही असंच लिहिलंय की थेट पुढे जाणाऱ्यांकडून ट्रान्झिट व्हिसा मागायचाच असेल तर तो कमीत कमी देशांच्या नागरिकांकडून मागावा. तुम्हीही त्या संघटनेत आहात.

मागणं सगळ्यात मोठं हे, की ट्रान्झिट व्हिसा लागणाऱ्या देशांच्या तुमच्या यादीतून भारताला काढा. ते एका फटक्यात होत नसेल तर निदान तीन गोष्टी करा. ज्याच्याकडे त्याच्या मुक्कामाच्या देशाचा चालू व्हिसा आहे, मग तो शेंगेनचा पर्यटक व्हिसा असला तरी, त्याला अलीकडच्या बाजूला बसू द्या. जो स्वतःच्या देशात परत निघालाय आणि ज्याचं एकाच तिकिटावर पुढचं पक्कं विमान आहे, त्याला काही विचारू नका. त्याच्या शिक्क्याची मुदत संपलीय की नाही यात तुमचं काही जात नाही. आणि या दोन्ही गोष्टी नियमात इतक्या साध्या लिहा, की सहारच्या त्या मुलीला पहाटे दोन वाजता पडद्यावर ‘हो’ दिसेल.

पुढच्या मे महिन्यासाठी एक जोडपं आलंय, तेही पोर्तुगालचं. पडद्यावर लंडनवरून जाणारं तिकीट यंदाही सगळ्यात स्वस्त दिसतंय. मी ते त्यांना दाखवलं नाही. भिंतीवरच्या यादीत जर्मनीच्या ओळीवर सध्या पेन्सिलीने रेघ मारलीय. पहिला माणूस फ्रँकफर्टवरून बिनतक्रार लिस्बनला पोचला की पेनाने मारीन.

उत्तर इंग्रजीत पाठवलंत तरी चालेल. वाचून घेऊ.

आपली,
विश्रामबाग, सांगली इथली एक तिकीट एजंट